थोरलीचं तेल, धाकटीचा ब्रेक

गुरुजींनी उभ्या आयुष्यात कुणाला शाळेत शिकवलेलं नव्हतं. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे फ्रेमांची काचेची कपाटं, मध्ये गल्ल्यावर बायको, मागे डोळे तपासायची अंधारी खोली आणि तिच्याही मागे, काचा घासायच्या यंत्राशेजारी, भिंतीला टेकून उभी असलेली सायकल. 'गुरुजी' ही पदवी त्यांना पहाटे सायकली हाकणाऱ्या टोळक्यानं दिली होती आणि त्यांनी ती नको नको म्हणत दोन्ही हातांनी घेतली होती.

सायकलीतलं गुरुजींना सगळं यायचं. म्हणजे चढ सोडून सगळं. चढावर त्यांना कुणीही मागे टाकायचं, एकदा तर पाव पोचवणाऱ्या माणसानं कॅरियरवर पावाचे क्रेट बांधून मागे टाकलं होतं. पण चढ संपला, मंडळी चहाला टेकली, की गुरुजी जे सुटायचे ते कपबश्या उचलून नेईपर्यंत थांबायचे नाहीत. आणि विषय ठरलेला. ग्रुपसेट.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी गुरुजींचीच व्याख्या सांगायला हवी. "सायकलीचा सांगाडा म्हणजे घर," ते म्हणायचे. "घर कुणीही बांधू दे. पण गियर, साखळी, दातेरी चकत्या, ब्रेक आणि हँडलवरच्या लिव्हरी ही त्या घरातली माणसं. ती एकाच कुटुंबातली असली तरच संसार होतो. त्या कुटुंबाला म्हणायचं ग्रुपसेट." बाजारात अशी कुटुंबं बरीच असतील, पण टोळक्याच्या जगात दोनच होती. एक कंपनी जुनी, म्हणून ती थोरली. दुसरी मागून आलेली, म्हणून ती धाकटी. ही बारशीसुद्धा गुरुजींनीच केलेली.

गुरुजी थोरलीचे. नुसते बाजूचे नव्हेत, वकीलपत्र घेतलेले. "थोरली घरंदाज आहे. गियर बदलला तरी या कानाचं त्या कानाला कळत नाही. आणि धाकटी? गियर पडला की वाटतं, शेजारच्यांच्या मोरीत पातेलं पडलं." टोळकं हसायचं. नवीन कुणी सायकल घ्यायला निघालं, की आधी त्याला गुरुजींच्या दुकानात आणून बसवत. घरात स्थळ आलं की थोरल्या काकांना दाखवतात तसं. आणि गुरुजी थोरलीच्या बाजूनं कौल देत. त्यांच्या शब्दावर अख्खं टोळकं थोरलीवर बसलं होतं.

अपवाद एकीचा. ती दातांची डॉक्टर होती, टोळक्यात तिला दातवाली म्हणत. तिनं गुरुजींना न विचारता धाकटी घेतली आणि वर ती सगळ्यांच्या पुढे पळवायची. गुरुजींचं प्रवचन ऐकून ती एवढंच म्हणायची, "गुरुजी, या कधीतरी दवाखान्यात. इतकं बोलून जबडा झिजतो हो."

आणि सगळ्यात निष्ठावंत चेला होता मिस्त्री. मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचा. गुरुजींपेक्षा वयानं थोडा लहान, पण हातानं फार मोठा. शहरातल्या निम्म्या उंच इमारती त्याच्या भरवशावर वर-खाली करत होत्या. लिफ्टमध्ये ब्रेक म्हणजे काय चीज असते ते तो सांगायला लागला, की दातवालीसुद्धा जिना चढून जायचं ठरवायची. माणूस अबोल. पण गियरांबाबत गुरुजींनी काही म्हटलं की मान हलवून सांगायचा, "गुरुजी म्हणतात म्हणजे तसंच." दातवालीची सोडून टोळक्यातल्या प्रत्येक सायकलीच्या ब्रेकचं तेल तो वर्षातून एकदा, हौसेनं, स्वतःच्या गॅलरीत बसून बदलून द्यायचा. त्याच्या हातून गेलेला ब्रेक म्हणजे बघायला नको.

आता एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना गुरुजींना कुठून बुद्धी झाली कोण जाणे. दातवालीला चहाच्या दुकानाबाहेर फोन आला. "जरा धरा हो," म्हणत तिनं आपली सायकल गुरुजींच्या हातात दिली आणि एका पेशंटला दाढेबद्दल ओरडत ती बाजूला गेली. गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं. मंडळी आत होती. शत्रूचं घर आतून कसं आहे ते बघावं, एवढ्याच हेतूनं त्यांनी टांग मारली आणि कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊन आले.

परत आले ते वेगळेच गुरुजी होते.

लिव्हर हाताला अशी बसली होती, जशी एखादी फ्रेम नाकावर ठेवताक्षणी नाकाचीच होते. एका बोटाच्या टिचकीनं गियर पडत होता आणि आवाज व्हायचा तो होत होता, पण तो मोरीतल्या पातेल्याचा नव्हता. कुणीतरी ठामपणे "झालं" म्हणावं, तसा होता. इतकी वर्षं थोरलीवर गियर बदलला की नाही याची खात्री करायला गुरुजी मान वाकडी करून मागे बघत आले होते. त्या वाकड्या मानेला ते घरंदाजपणा म्हणत होते!

नवी सायकल बांधायची हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं. सांगाडा येऊन पडला होता. आता कुटुंब कुठलं आणायचं, एवढंच उरलं. आणि तिथं गुरुजी अडकले. दिवसभर यंत्रावर काचा घासताना मनात एक पारडं वर जाई, एक खाली. थोरली वजनाला हलकी. धाकटी हाताला गोड. थोरलीचे सुटे भाग गल्लीत मिळतात. धाकटी हाताला गोड. थोरलीबद्दल आपण जाहीर बोललोय. धाकटी, काय करणार, हाताला गोड.

"अहो, एका गिऱ्हाइकाला दोन डाव्या काचा बसवल्यात," बायको म्हणाली. "आवडतेय ती आणा आणि मोकळे व्हा."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, चष्मेवाल्याला उशिरा दिसलं. दुसरं काय?"

पण गुरुजींच्या डोळ्यांपुढे चहाचं टेबल येई. दातवालीचं हसू येई. आणि मिस्त्रीची ती हलणारी मान येई. त्यानं आपल्या शब्दाखातर हातात आलेली चांगली धाकटी सोडून थोरली घेतली होती, तीही महिनोन्‌महिने थांबून. त्याला आता काय सांगायचं? की बाबा रे, मी चुकलो, तू चालव तीच?

तेव्हा गुरुजींनी असा मार्ग काढला, जो फक्त फार विद्वान माणसालाच सुचतो. त्यांनी धाकटी आणली आणि तिचं नाव झाकलं. लिव्हरींवर, मागच्या गियरवर, ब्रेकवर, जिथं जिथं कंपनीचं नाव होतं तिथं तिथं काळी चिकटपट्टी लावली, "ओरखडे पडू नयेत म्हणून". आणि पायडलांची जी मोठी दांडी असते, जिच्यावर सगळ्यांची नजर आधी जाते, ती मात्र जुन्या सायकलीची काढून बसवली. तिच्यावर थोरलीचं नाव चमकत होतं.

बायकोनं मागच्या खोलीत येऊन तो सोहळा पाहिला. "म्हणजे दुसरी करून आणलीत आणि दारावर पाटी पहिलीची," ती म्हणाली आणि गिऱ्हाईक आलं म्हणून निघून गेली.

टोळक्यात सायकल उतरली तेव्हा सगळे भोवती जमले. मिस्त्रीनं वाकून लिव्हर पाहिली. त्याच्या कपाळाला आठी पडली. यंत्राचा माणूस तो, त्याला आकार कळतो.

"गुरुजी, ही लिव्हर वेगळी दिसतेय हो. आपल्या थोरलीची अशी नसते."

हा क्षण होता. गुरुजींना नंतर कितीतरी वेळा वाटलं, की दार उघडं होतं, नुसतं पाऊल टाकायचं होतं.

"नवं मॉडेल आहे," गुरुजी म्हणाले. "यंदाचं. अजून इकडच्या बाजारात यायचंय."

"असं होय! तरीच." मिस्त्रीची आठी लगेच गेली. त्याचा तो विश्वासानं मोकळा झालेला चेहरा पाहून गुरुजींना मानेवर गरम वाटलं. दातवालीनं चहाचा घोट घेतला, लिव्हरकडे पाहिलं, मग गुरुजींकडे पाहिलं. तिच्या स्वतःच्या सायकलीवर डिट्टो तीच लिव्हर होती.

"छान आहे हो नवं मॉडेल. हाताला कशी लागते?"

"उत्तम."

"लागणारच," ती म्हणाली. आणि चहाकडे वळली. ती हसली असती तर गुरुजींना बरं वाटलं असतं.

माणूस खोटं बोलला की त्याला ते राखायलाही लागतं. कुणी सायकलीजवळ वाकलं की गुरुजी चहा सांगत मध्ये येऊन उभे राहत. प्रवचनं बंद झाली. "गुरुजी हल्ली शांत झालेत," टोळकं म्हणालं. "नव्या मॉडेलचा गुण." आणि आपण ज्याची थट्टा केली त्याच्यावर रोज बसतोय, तेही मजेत, ही मजाच त्यांना खाऊ लागली. धाकटी खरोखर गोड पळत होती. उतारावर वारा कानात शिरला, की मन भरून यायचं आणि पुढच्याच वळणावर मिस्त्री हात वर करून ओरडायचा, "काय पळतेय थोरली, गुरुजी!"

एकदा गुरुजी एका कारखान्यात कामगारांचे डोळे तपासायला गेले होते. संध्याकाळी दुकानात येऊन पाहतात तो मागची भिंत रिकामी.

"मिस्त्री भावजी घेऊन गेले," बायको म्हणाली. "डोंगराकडे जायच्या आधी सगळ्यांचं तेल बदलतायत म्हणे. मी म्हटलं, न्या."

"तेल?" गुरुजी ओरडले.

गोष्ट अशी होती, आणि ती गुरुजींनीच चहावर टोळक्याला रंगवून सांगितलेली होती. थोरलीच्या ब्रेकमध्ये खनिज तेल असतं. धाकटीच्या ब्रेकमध्ये मोटारीत असतं तसलं ब्रेक ऑइल. एकाचं दुसऱ्यात गेलं, की आतले रबरी वायसर फुगायला लागतात. आज नाही, उद्या नाही, पण फुगतात. आणि मग ब्रेक आपलं ऐकत नाही.

"मला काय माहीत, तेलालाही कंपनी असते?" बायको म्हणाली. "फोन करा ना मग!"

फोन हातात घेतला तेवढ्यात मिस्त्रीच दारात उभा. सायकल पुसून लखलखीत केलेली. "काल रात्रीच भरून ठेवलं असतं, पण नेता आली आज सकाळी. दिवसभर मुरलंय चांगलं. थोरलीचंच भरलंय हो गुरुजी, अस्सल. तुमच्या सायकलीला भलतंसलतं नाही घालायचं मी."

गुरुजींनी लिव्हर दाबली. टणक, सरळ, नेमकी. मिस्त्री समोर हात पुसत उभा होता, शाबासकी मागत नव्हता, पण दिली तर नको म्हणणार नव्हता.

"वा! काय हात आहे रे तुझा," गुरुजी म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी दुकानाचं दार आतून लावलं. सगळं तेल काढलं, योग्य ते भरलं, पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. वायसर फुगले असतील? दिवसभरात कुठे फुगतात? खरं तर वायसर बदलायला हवे होते, आणि ते बदलून द्यायला साऱ्या शहरात एकच माणूस होता. गल्लीत चालवून पाहिली. ब्रेक लागत होता. लागतोय म्हणजे ठीक आहे, असं गुरुजींनी ठरवलं. दुसऱ्या कुणी असं ठरवलं असतं तर त्यांनी त्याला चहावर सोललं असतं.

डोंगराचा चढ गुरुजी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी चढले. उतार सुरू झाला. पहिली दोन वळणं ब्रेकनं ऐकली. तिसऱ्याला पुढच्या ब्रेकची लिव्हर दाबली ती हँडलला चिकटली आणि परत आलीच नाही. पुढचं चाक मोकळं, मागचं किंचाळतंय आणि समोर वळण. वळणावर कुणाच्या तरी बांधकामाची वाळू पडलेली होती. गुरुजींनी सायकल तिच्यात घातली. सायकल थांबली. गुरुजी थोडे पुढे जाऊन थांबले.

सगळ्यात आधी मिस्त्री पोचला. त्यानं स्वतःची सायकल रस्त्यावरच टाकून दिली होती.

"लागलं का? गुरुजी! हात हलवा बघू."

हात हलत होता. कोपर सोलवटलं होतं, बाकी माणूस शाबूत. ते पाहून मिस्त्री सायकलीकडे वळला. त्यानं लिव्हर धरली. दाबली. ओढली. लिव्हर मेल्यासारखी पडून राहिली. त्याच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेलेला गुरुजींनी वाळूत बसून पाहिला.

"मी भरलं होतं तेल," मिस्त्री म्हणाला.

"अरे, यंत्र आहे. होतं कधीकधी," कुणीतरी म्हणालं.

"यंत्राचं होत नाही. माणसाच्या हातून होतं."

गुरुजींनी तोंड उघडलं. तोंडात वाळू होती. त्यांनी ती थुंकली आणि तोंड पुन्हा मिटलं. वाळू होती म्हणून बोललो नाही, हे कारण त्यांनी पुढे स्वतःला बऱ्याच वेळा दिलं, आणि दरवेळी ते आधीपेक्षा पातळ लागलं.

दातवाली जवळ येऊन उकिडवी बसली. कोपरावर पाणी ओतता ओतता तिनं विचारलं, "तेल कुठलं होतं, मिस्त्री?"

"थोरलीचं. सीलबंद डब्यातलं."

तिचा हात थांबला. तिला सगळं कळलं, हे गुरुजींना कळलं. "गुरुजी," ती हळू आवाजात म्हणाली, "काही सांगायचंय का तुम्हाला?"

"कोपर दुखतंय," गुरुजी म्हणाले.

त्यानंतर मिस्त्री पहाटे यायचा बंद झाला. गुरुजींनी फोन केला तर म्हणे, काम वाढलंय. मग म्हणे, पाठ भरलीय. गॅलरीत उभ्या असलेल्या दुसऱ्यांच्या सायकली त्यानं तेल न बदलता परत पोचवल्या, "दुकानात दाखवून घ्या" असं सांगून. दुकानात गुरुजी काचा घासत बसत. सायकल भिंतीकडे तोंड करून उभी केलेली. बायको प्रत्येक गिऱ्हाइकाच्या काचा दोनदा तपासून देई.

आणि मग एका दुपारी मिस्त्रीची बायको नवऱ्याला दंडाला धरून दुकानात घेऊन आली.

"भावजी, यांचे डोळे तपासा जरा," ती म्हणाली. "ऐकतच नाहीत. म्हणतात, मला नीट दिसेनासं झालंय, हातही थरथरतात. ऑफिसात सांगून आलेत, माझ्या कामावर मागून कुणीतरी नजर टाकत जा म्हणून! ज्याला यांनी पाना धरायला शिकवलं, तो आता यांच्या मागून नट तपासत फिरतो. सोसायचं कसं हो माणसानं?"

"अगं, हळू बोल," मिस्त्री म्हणाला. तो खाली बघत होता. "गुरुजी, बघा बुवा. चष्मा लागला असेल तर बरंच. नसेल तर मग हातच गेले म्हणायचं."

अंधाऱ्या खोलीत मिस्त्री खुर्चीवर बसला. गुरुजींनी समोरचा अक्षरांचा तक्ता लावला. मिस्त्रीनं सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली आणि मग म्हणाला, "पण बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

गुरुजींनी भिंग बदललं. "हे बरं की हे?"

"पहिलं. नाही, दुसरं." तो थांबला. "दोन्हींत फरक कळत नाही हो. तुम्हीच सांगा ना. तुम्हाला कळतं."

दोन्हींत फरक नव्हताच. दोन्ही साध्या काचा होत्या. गुरुजींनी छोटी विजेरी घेतली आणि वाकून मित्राच्या डोळ्यांत पाहिलं. त्या धंद्यात माणसाच्या इतकं जवळ जावं लागतं, की श्वास लागतो. डोळे स्वच्छ होते. पोराबाळांचे नसतात इतके स्वच्छ. आणि ते न मिटता, न हलता, गुरुजींवर भरवसा टाकून उघडे होते.

गुरुजींनी विजेरी विझवली.

"तुझे डोळे ठणठणीत आहेत. हातही."

"मग ब्रेक कसा—"

"ती थोरली नाही. धाकटी आहे. पट्टीखाली नाव झाकलंय मी."

बाहेर गल्ल्यावर दोघी बायकांचं बोलणं चाललेलं होतं, ते थांबलं.

"म्हणजे तेल बरोबर होतं," मिस्त्री सावकाश म्हणाला.

"तू भरलंस ते बरोबर. ज्यात भरलंस ते खोटं."

"नवं मॉडेल?"

"नव्हतं तसलं काही."

"आणि मी सायकल आणून दिली तेव्हा? तुम्ही म्हणालात, काय हात आहे तुझा."

"म्हणालो."

"तेव्हा ठाऊक होतं?"

गुरुजींना वाटलं, खोलीत अंधार आहे हे किती बरं आहे. आणि असं वाटलं याचीही त्यांना लाज वाटली. "होतं," ते म्हणाले.

मिस्त्री उठला. तो चिडेल, ओरडेल, निदान खुर्ची तरी सरकवेल असं गुरुजींना वाटलं होतं. त्यांनी तशी तयारीही केली होती. तो फक्त भिंतीवर चाचपून दिव्याचं बटण शोधत होता. सापडलं. लख्ख उजेड पडला.

"मी घरात नळ दुरुस्त करायचं सोडलं होतं," तो म्हणाला. "बायकोला म्हटलं, माणूस बोलाव." मग दाराशी जाऊन वळला. "ऑफिसात मी माझ्या तोंडानं सांगून बसलोय. तिथं आता कोण सांगणार, चष्मेवाले?"

चष्मेवाले. इतक्या वर्षांत त्यानं ही हाक पहिल्यांदाच मारली. त्यात शिवी नव्हती, नुसता धंदा होता, आणि तो खराही होता.

"मी येतो," चष्मेवाले म्हणाले.

लिफ्टच्या कंपनीचं ऑफिस तळमजल्यावर होतं. आत लिफ्टच्या सुट्या मोटरी, तारांची भेंडोळी, भिंतीवर बटणांच्या नमुन्यांची पाटी. मिस्त्रीची साहेब एक तरतरीत बाई होती. ती एका हातानं फोन बाजूला ठेवत म्हणाली, "बसा ना. यांच्या ब्रेकबद्दल काहीतरी सांगायचंय म्हणे तुम्हाला?"

मिस्त्री दाराशी उभा राहिला होता, छताकडे बघत. मागून नट तपासणारा त्याचा चेलाही काही कारण काढून तिथंच घुटमळत होता.

गुरुजींनी सांगितलं. थोरली, धाकटी, चिकटपट्टी, तेल, वायसर, वाळू. टोळक्यात जे ऐकून सगळ्यांनी आ वासला असता, ते या खोलीत एकेक शब्द पुढे जाता जाता लहान होत गेलं. बाई लक्षपूर्वक ऐकत होती, आणि तेच अवघड होतं.

"थांबा हं. म्हणजे या माणसाची काहीच चूक नाही?"

"काही नाही. यांनी केलं ते शंभर टक्के बरोबर होतं."

"बरं झालं सांगितलंत. मला वाटलंच होतं, मी यांना म्हटलंही." तिनं चेल्याकडे पाहिलं. "तू जा आपल्या कामाला." मग ती पुन्हा गुरुजींकडे वळली. तिला खरोखरच कळत नव्हतं. "पण तुम्ही नाव झाकलंत का?"

"लोक हसतील म्हणून."

"कशाला हसतील? दोन्हींचे गियर पडतात ना?"

"पडतात."

"ब्रेक लागतात?"

"लागतात."

"मग?"

चहाच्या टेबलावर ज्या विषयावर त्यांनी वर्षानुवर्षं सकाळी जाळल्या, तो या टेबलावर एका शब्दात संपला होता. कान इतके तापले होते, की चष्म्याच्या काड्या बोचायला लागल्या. अजून टोळक्याला सांगायचं होतं. दातवालीसमोर उभं राहायचं होतं. पण त्या सगळ्यापेक्षा ही भली बाई, जिला काहीच घेणंदेणं नव्हतं, तिचं ते भाबडं 'मग?' त्यांना जास्त लागलं.

फोन वाजला. कुठल्याशा हॉस्पिटलातली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. बाईनं पत्ता लिहून कागद मिस्त्रीपुढे धरला. "जाता? दुसरं कुणी मोकळं नाहीये. आणि असतं तरी तुम्हालाच पाठवलं असतं."

मिस्त्रीनं कागद घेतला. पिशवी खांद्याला लावली. एकटाच निघाला. गुरुजीही उठले.

"अहो, आलाच आहात तर एक विचारू?" बाई म्हणाली. "आमच्या ह्यांना सायकल घ्यायचं खूळ लागलंय. दुकानदार म्हणतो, हे गियर घ्या, मित्र म्हणतात, ते घ्या. तुम्ही जाणकार दिसता. कुठले घ्यावेत?"

मिस्त्री दारात थांबला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. पण थांबला.

गुरुजींच्या जिभेवर जुनं प्रवचन आपोआप येऊन उभं राहिलं, घरंदाज, या कानाचं त्या कानाला, सगळं. त्यांनी ते तिथंच थोपवलं.

"मी मोठा जाणकार नाही," ते म्हणाले. आवाज चोरून यावा तसा आला. "त्यांना दोन्ही चालवून बघू द्या. मला विचाराल तर... मला धाकटी आवडते. पहिल्यापासून नाही, पण आता तीच."

बाईनं कागदावर लिहून घेतलं. "धाकटी. ठीक."

"आणि तेल कुठलं घालायचं तेही सांगा त्यांना," मिस्त्री दारातून म्हणाला आणि पिशवी सावरत हॉस्पिटलच्या दिशेनं चालायला लागला.

गुरुजींनी सांगितलं. मग बाईला ते परत म्हणून दाखवायला लावलं.